गुपचूप दुरुस्त केलेली ओळ

दुपारी बारा वाजून गेल्यावर मी ती ओळ बदलली, सेव्ह केली आणि जेवणाचा डबा उघडला. त्या वेळी मला हायसं वाटलं होतं, हे आधीच सांगून टाकते. लाज नंतर आली. आली ती अजून पुरती गेलेली नाही.

मी सोलापुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे. इंजिनिअर लोक जे बनवतात ते काय आहे आणि कसं वापरायचं, हे सोप्या भाषेत लिहून ठेवणं माझं काम. आमचं ऑफिस शहराच्या जुळे सोलापूर भागात, एका मेडिकल दुकानाच्या वर. अकरा माणसं, त्यात वयाने मीच मोठी. आधी सोळा वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आमचं घर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या तोंडून ‘न्हाय’ निघालं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मग मी भाषा घासायला घेतली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पुढे ‘वाघमोडे मॅडमचं वाक्य’ म्हणजे त्यात काढण्यासारखं काही उरत नाही, असं ऑफिसात म्हणू लागले. मला ते फार आवडायचं.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातली एक खाजगी डेअरी. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध जमा होतं. डेअरीच्या गाड्या ते गोळा करतात. कोणत्या गाडीने कोणत्या केंद्रांवर कुठल्या क्रमाने जायचं, याची यादी आमचा सर्व्हर पहाटे तयार करतो आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनवर पाठवतो. या सगळ्या कामाला आम्ही एक ‘टास्क’ म्हणतो. तो पुरा व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

यादी गेली की नाही हे बघायचं काम डेअरीत बिराजदार काकांकडे होतं. मंद्रूपकडचा माणूस, बावीस वर्षं तिथे नोकरीला. पूर्वी ते आमच्या इरफानला फोन करायचे, “झालं का हो?” इरफान आमचा सर्व्हर सांभाळणारा इंजिनिअर. बिचारा रोज पहाटे उठून स्क्रीन बघायचा. म्हणून कंपनीने एक असिस्टंट बनवला. फोनवर मराठीत बोलून विचारायचं, तो मराठीत उत्तर देणार. त्याच्यामागे एआय एजंट. एजंट म्हणजे नुसतं बोलणारं नव्हे, तर काही कामं स्वतः करू शकणारं सॉफ्टवेअर. ती कामं करायला त्याला ‘टूल’ दिलेली असतात. आमच्या टूलचं नाव टास्क स्टेटस. काकांनी विचारलं की एजंट हे टूल वापरून सर्व्हरला टास्कची स्थिती विचारणार आणि काकांना सांगणार.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टूल आतून कसं चालतं ते एजंटला दिसत नाही. त्याला दिसतं फक्त त्या टूलचं लेखी वर्णन, आणि ते लिहिणं माझ्याकडे होतं. माणूस माहितीपत्रक वाचतो तेव्हा अर्धं सोडून देतो आणि उरलेल्यावर शंका घेतो. एजंट अक्षर न्‌ अक्षर वाचतो आणि खरं धरून चालतो.

सर्व्हर चार उत्तरं देऊ शकत होता. रांगेत आहे, चालू आहे, फेल झाला आणि ‘कम्प्लीटेड’. इरफानने मला कच्ची टिपणं दिली होती. कम्प्लीटेड म्हणजे टास्क संपला, आतली सगळी कामं झालीच असं नाही, किती चुकली ते एरर काउंटमध्ये बघायचं, असं त्यात होतं. आमचे साहेब श्रीनिवास सर म्हणाले होते की वर्णन आटोपशीर ठेवा, एजंट दर वेळी ते सगळं वाचतो, लांबलं की उत्तराला उशीर होतो. मी लिहिलं, ‘कम्प्लीटेड: काम यशस्वीपणे पूर्ण झाले आहे.’ मूळ इंग्रजीत होतं, अर्थ हाच.

इरफानने त्या ओळीशेजारी कॉमेंट टाकली. “मॅडम, ‘यशस्वीपणे’ नको. एरर काउंटचं राहिलं.”

मी ती वाचली नव्हती असं म्हणणं सोपं गेलं असतं. मी वाचली होती. मला वाटलं, या पोराचं इंग्रजी मी सुधारलंय, हा मला शब्द शिकवतोय. एरर काउंटचं घातलं तर नेटकी ओळ तीन ओळींची होणार. मी ‘रिझॉल्व्ह’चं बटण दाबलं. म्हणजे ‘या सूचनेवर कारवाई झाली’. कॉमेंट पानावरून दिसेनाशी झाली. इरफानने मी केलं असेल असं धरलं.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. एकही एरर आली नाही, म्हणून माझी ओळही खोटी ठरली नाही.

मग उन्हाळ्यातला एक मंगळवार. पहाटे टास्क चालला, त्यात दोन गाड्यांच्या याद्या अडकल्या. बाकीच्या गेल्या. टास्क संपला. सर्व्हरने सांगितलं, कम्प्लीटेड, एरर दोन. काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं. एजंटने माझं वर्णन वाचलं होतं. त्याने सांगितलं, सगळ्या याद्या यशस्वीपणे पाठवल्या आहेत.

डेअरीत एक पद्धत होती. फोनवर यादी आली नाही, तर आपला रूट आज दुसऱ्या गाडीला जोडलाय असं ड्रायव्हरने समजायचं. त्या दोन ड्रायव्हरांनी तसंच समजून गाड्या काढल्या नाहीत. आठ वाजता मंद्रूपपलीकडच्या एका केंद्रावरून काकांना फोन आला की गाडी नाही. काकांनी पुन्हा असिस्टंटला विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग त्यांनी केंद्रावर सांगितलं, गाडी निघालीय, येईल. एका केंद्राला नाही, सात केंद्रांना. ड्रायव्हर फोन उचलेनात, म्हणून साडेदहाला त्यांनी एकाच्या घरी माणूस पाठवला तेव्हा उलगडा झाला. गावातल्या केंद्रांवर दूध थंड ठेवायची सोय नव्हती, नुसते कॅन. गाडी पोचेपर्यंत दूध नासलं होतं. सात केंद्रांचं दूध ओढ्यात ओतलं.

साडेअकराला आमच्याकडे फोन आला. इरफानने लॉग, म्हणजे सर्व्हरची आपोआप होणारी नोंद, उघडला आणि एरर दोन दिसल्याचं सांगितलं. मग असिस्टंट हो कसं म्हणाला, असं श्रीनिवास सर विचारू लागले. मी माझ्या टेबलावर वर्णनाची फाईल उघडली. ओळ समोर होती. जुन्या कॉमेंट दाखवा असं एक बटण असतं, ते दाबलं. इरफानची कॉमेंट आणि खाली ‘रिझॉल्व्ह्‌ड’, पुढे माझं नाव.

मी ओळ दुरुस्त केली. कम्प्लीटेड म्हणजे टास्क संपला, एरर काउंट शून्य असेल तरच सगळं झालं म्हणावं, नाहीतर काय राहिलं ते सांगावं. चार मिनिटांचं काम. निदान उद्या तरी असं होणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. कोणाला काही बोलले नाही. सरांना संध्याकाळी सांगू, आत्ता ते तापलेत, असंही म्हटलं. आणि डबा खाल्ला.

तीन वाजता व्हिडिओवर मीटिंग झाली. पलीकडे डेअरीचे मॅनेजर आणि त्यांच्याशेजारी खुर्चीच्या कडेवर बसलेले बिराजदार काका. मॅनेजर चिडलेले होते, पण बोलणं मापात होतं. श्रीनिवास सर म्हणाले, आपण सगळ्यांसमोरच तपासू. त्यांनी सकाळचाच टास्क घेऊन असिस्टंटला विचारलं, आज सगळे रूट गेले का?

असिस्टंट म्हणाला, “टास्क संपला आहे, परंतु दोन गाड्यांच्या याद्या गेलेल्या नाहीत. कृपया ड्रायव्हरांशी संपर्क करावा.”

मॅनेजर म्हणाले, “हे तर बरोबर सांगतंय की.”

काका पुढे झुकले. “मी बी ह्येच इचारलं होतं साहेब. दोनदा इचारलं. मला समदं गेलं म्हणून सांगितलं.”

“काका, मशीन सकाळी एक आणि दुपारी एक सांगतंय व्हय?” मॅनेजर म्हणाले.

काका पुन्हा मागे सरले. त्या काळात आम्ही बोलण्याची नोंद ठेवत नव्हतो, त्यामुळे सकाळी असिस्टंट काय बोलला याला काकांच्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता. त्यांच्या शब्दाविरुद्ध मी बारा वाजता बदललेली ओळ उभी होती. दुरुस्ती म्हणून केलेली गोष्ट तीन तासांत त्या माणसाला खोटं पाडत होती, आणि हे त्या खोलीत मला कळत होतं. इरफानने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

श्रीनिवास सरांनी सवयीने विचारलं, “मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?”

“नाही सर.”

मी जन्मभर शब्द तपासत आले. इतके खोटे दोन शब्द माझ्या हातून कधी गेले नसतील.

दुसऱ्या दिवशी कळलं की काकांना रूटच्या टेबलावरून काढलं. कॅन धुतात त्या प्लॅटफॉर्मवर उभं केलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ओल्या फरशीवर, आलेले-गेलेले कॅन मोजायला. मॅनेजरांनी आमच्याकडे एक मागणीही केली. डेअरीतल्या लोकांना प्रश्न नीट विचारता येत नाही असं दिसतं, तर एक ट्रेनिंग द्या. श्रीनिवास सरांनी ते काम मला दिलं. ‘असिस्टंटला प्रश्न कसा विचारावा’ असं एक पानी माहितीपत्रक मी बनवलं. मोठा टाइप, सोपी वाक्यं, उदाहरणं. त्यातही मी दोनदा हात फिरवून भाषा गुळगुळीत केली.

शुक्रवारी डेअरीत ट्रेनिंग झालं. सहा-सात क्लार्क होते. काकांनाही प्लॅटफॉर्मवरून बोलावलं होतं. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. ते पुढच्या खुर्चीत बसले, खिशातून छोटी डायरी काढली आणि मी सांगेन ते उतरवून घेऊ लागले. बाकीचे मोबाइल बघत होते. तेवढे एकटेच लिहीत होते.

संपल्यावर सगळे चहाला गेले. काका डायरी घेऊन माझ्याजवळ आले.

“मॅडम, त्या दिशी मी काय चुकीचं इचारलं, ते तेवढं सांगा की. परत चुकायचं न्हाय.” त्यांनी डायरीत आधीच लिहून आणलं होतं, कोणत्या शब्दांत विचारलं ते. “मी इचारलं, समद्या गाड्यांच्या याद्या गेल्या का. ह्यात काय कमी हाय?”

वाक्य निर्दोष होतं. माझ्या पानावरच्या ‘योग्य प्रश्नाचे उदाहरण’ या चौकटीत जे होतं, जवळजवळ तेच.

मला तिथेच बोलता आलं असतं. समोर माणूस होता, मागे कोणी नव्हतं. मी म्हणाले, “बघून सांगते काका.” ते हो म्हणाले, डायरी खिशात ठेवली आणि प्लॅटफॉर्मकडे गेले. परतीला मी रिक्षा केली. आसरा चौकात रिक्षावाल्याने कुठे सोडू म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा कुठे भानावर आले.

ऑफिसात पोचले तेव्हा सर आणि इरफान दोघेही होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कॉमेंट वाचली होती, रिझॉल्व्ह केली, चूक माझी, ओळ मंगळवारी बारा वाजता बदलली, मीटिंगला सर्वांनी पाहिलं ते बदललेलं होतं. सरांनी ऐकून घेतलं. मग इरफानला म्हणाले, तुला माहीत होतं का?

“होय सर. हिस्टरीत दिसतं ना. कोणी, कधी बदललं, सगळं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मॅडम स्वतः सांगतील म्हणून थांबलो. नको होतं थांबायला. तो माणूस तिकडे उभा आहे.”

हा मुलगा नोकरीला लागला तेव्हा त्याचा अर्ज मी दुरुस्त करून दिला होता. त्या उपकाराच्या ओझ्याने तो तीन दिवस गप्प बसला होता. माझ्या लाजेत त्यालाही वाटेकरी केलं, हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

सरांनी डेअरीला मेल लिहायला घेतला. ‘वर्णनात एक त्रुटी राहून गेली होती,’ अशी सुरुवात केली. कंपनीच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मी म्हटलं, सर, राहून गेली नव्हती. सांगूनही मी ठेवली होती, आणि नंतर लपवली होती. तसं लिहा. ते म्हणाले, मग तुम्हीच लिहा. मी लिहिलं. बिराजदार काकांनी योग्य प्रश्न विचारला होता आणि त्यांना चुकीचं उत्तर मिळालं होतं, हे वाक्य सगळ्यात वर ठेवलं. सरांनी वाचलं, एक शब्दही न बदलता पाठवलं. पण त्या दिवसापासून माझं कोणतंही वर्णन इरफानने मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही, असा नियम केला. मी विरोध करण्याचा प्रश्नच नव्हता.

शनिवारी मॅनेजरांचं उत्तर आलं, काकांना परत टेबलावर घेतो म्हणून. तेवढ्यावर भागलं असतं. पण काकांनी प्रश्न मला विचारला होता, मॅनेजरांना नव्हे. रविवारी मी माझी स्कूटी काढून त्यांच्या गावी गेले.

काका घरामागे शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांना डेअरीतून फोन आला होता, पण नेमकं काय ते समजलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं, तिला त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी थोडक्यात सांगितलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. चहा काही आला नाही. ते योग्यच होतं.

“म्हंजी मी बरोबर इचारलं होतं.”

“बरोबर विचारलं होतं काका.”

“घरात सुदिक मला म्हणत होते, तुमालाच कळलं नसंल.” त्यांनी उरलेला पाला शेळ्यांपुढे टाकला. “माझं जाऊ द्या मॅडम. मी केंद्रावरच्या त्या बायकांना गाडी निघाली म्हणून सांगितलं. बावीस वर्सांत त्यांना खोटं सांगितलं न्हाय. त्यांच्याकडं जाऊन तेवढं सांगा.”

पहिला फोन जिथून आला होता ते केंद्र तिथून पाच किलोमीटरवर होतं. गेले तेव्हा संध्याकाळचं दूध घालायला रांग लागलेली. केंद्र चालवणाऱ्या मंगलताई माप घेत होत्या. मी डेअरीच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीतून आलेय म्हटल्यावर त्यांनी मला बाजूला उभं राहायला सांगितलं. मी म्हटलं, सगळ्यांसमोर बोलायचंय. माझी तयारी केलेली प्रमाण मराठी पहिल्या दोन वाक्यांतच अडली. टास्क, एजंट, वर्णन, हे त्या रांगेत बोलता येईना. मग मी आमच्या घरात बोलतात तसं बोलले. मशिनीला मी चुकीचं लिवून दिलं हुतं. काम संपलं म्हंजी काम झालं, आसं. मशिनीनं तेच काकांना सांगितलं, काकांनी तुमाला. काकांची चूक न्हाय. माजी हाय.

बायका ऐकत होत्या. मंगलताईंनी माप खाली ठेवलं.

“तुमाला हे कदी कळलं?”

“त्याच दिशी. दुपारी.”

“दूध तर सकाळीच गेलं. ते काय तुमी परत आनणार न्हवता.” त्या शांतपणे बोलत होत्या. “पर आमी पाच दिस त्या माणसाला नावं ठेवली. फोनवर लई बोललो त्यास्नी. दुपारी कळलं तर दुपारी का न्हाय सांगितलं?”

भीती वाटली म्हणून, एवढंच ते उत्तर, आणि ते त्या रांगेसमोर तोंडातून निघेना. मंगलताईंनी माप उचललं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

काका टेबलावर परत गेले, पण फार दिवस राहिले नाहीत. महिनाअखेर त्यांनी नोकरी सोडली. कारण विचारलं तर शेतीचं सांगितलं. इरफान म्हणतो, ते खरंही असेल. मला तसं वाटत नाही. असिस्टंट आता व्यवस्थित चालतो. बोलण्याची नोंद ठेवतो, काय राहिलं ते नाव घेऊन सांगतो. डेअरीने आमचं काम पुढेही चालू ठेवलं.

नव्या मुलांना मी कामाची एक गोष्ट सांगते. ती ऐकायला कोरडी आहे आणि मला ती फार उशिरा कळली. चूक सापडली तर आधी माणसांना सांगा, मग फाईल उघडा. उलट क्रमाने केलं तर फाईल चार मिनिटांत बरोबर होते आणि चुकीचा ठरतो तो दुसराच कोणीतरी.